इंग्लंडमधल्या जुन्या मॅनर (जमीनदारी वाड्यातल्या) हॉटेलात शाकाहारी आईवडिलांना जेवायला न्यावं का?

न्या, नक्की न्या. तुम्ही लिहिलंय की लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी आईबाबा पुण्याहून लंडनला येतायत, दोघं शाकाहारी आहेत, आई अंडंही खात नाही, बाबांना इतिहासाची आवड आहे आणि माणशी शंभर-दीडशे पौंड मोजून पुढ्यात उकडलेल्या भाज्या येतील अशी धास्ती वाटते. धास्ती रास्त आहे. एका नावाजलेल्या जुन्या हॉटेलात माझ्या आईपुढे मश्रूम रिसोटोची बशी ठेवली आणि शाकाहाराचा विषय तिथेच संपला. त्या रिसोटोवर परमेजान चीज किसून घातलं होतं, जे वासराच्या पोटातल्या रेनेटशिवाय, म्हणजे दूध गोठवणाऱ्या द्रव्याशिवाय, बनतच नाही. म्हणून जागा निवडताना मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट बघतो: हॉटेलचा स्वतःचा भाजीचा मळा आहे का, आणि स्वयंपाकघर त्या मळ्याच्या कलाने चालतं का. झुंबरं, गालिचे, तैलचित्रं हे सगळं त्यानंतर.

या कसोटीवर लंडनहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी माझी निवड ग्रेव्हटाय मॅनर. वेस्ट ससेक्समध्ये, ईस्ट ग्रिनस्टेड गावाजवळ. लंडन व्हिक्टोरियाहून थेट रेल्वे आहे, तासाभराची, आणि पुढे थोडा टॅक्सीचा रस्ता.

बाबांसाठी आधी घराबद्दल सांगतो. हे घर 1598 सालचं. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळण्याच्या दोन वर्षं आधीचं, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या बत्तीस वर्षं आधीचं. इंग्लंडमधल्या कित्येक मोठ्या घरांत पुढच्या काळात हिंदुस्थानातून कमावलेला पैसा मुरला. हे घर त्याआधीचं, इथल्याच मातीतल्या लोखंडावर उभं राहिलेलं. त्या काळी ससेक्सच्या जंगलात लोखंडाच्या भट्ट्या होत्या, आणि रिचर्ड इनफिल्ड नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने आपल्या नवपरिणीत बायकोसाठी, कॅथरिनसाठी, हे घर बांधलं. बागेकडच्या दारावर दोघांची आद्याक्षरं दगडात कोरलेली आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला आईबाबांचा फोटो काढायचा तर तिथेच काढा.

पण या घराचा खरा मालक मी विल्यम रॉबिन्सनला मानतो. आयर्लंडहून साधा माळी म्हणून आलेला हा माणूस. बागकामावर लिहून, नियतकालिकं काढून त्याने इतकं कमावलं की 1880 च्या दशकात हे घर आणि भोवतालची शेकडो एकर जमीन विकत घेतली. तेव्हाच्या श्रीमंतांच्या बागा म्हणजे काचघरात वाढवलेली रंगीत रोपं नक्षीत लावायची, हंगाम संपला की उपटून फेकायची. रॉबिन्सनने त्याविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवली. वर्षानुवर्षं टिकणारी झाडं लावा, गवतात कंद पसरू द्या, जमिनीला जे मानवतं ते वाढू द्या, असं तो सांगत राहिला. इंग्लिश बाग म्हणून आज आपल्या डोळ्यांपुढे जे येतं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. शेवटची पंचवीसेक वर्षं पाय गेले होते, तरी चाकांच्या खुर्चीतून तो बागेत फिरायचा. 1935 साली, शहाण्णवाव्या वर्षी, याच घरात गेला.

त्याला भाजीचंही तितकंच वेड होतं. 1867 मध्ये तो पॅरिसला गेला होता आणि तिथल्या बागांबरोबर भाजीमळेही बारकाईने पाहून आला. 1900 च्या सुमारास त्याने ग्रेव्हटायच्या उतारावर भाज्यांसाठी दगडी भिंतीची बाग बांधली, आणि ती अंडाकृती बांधली. अशा बागा इंग्लंडमध्ये सहसा चौकोनी असतात. इथे भिंतीला कोपराच नाही, त्यामुळे सावलीत कुजत पडणारी जागा नाही. दिवसभरात भिंतीचा बहुतेक भाग कधी ना कधी उन्हात येतो. तापलेला दगड रात्री ऊब सोडतो आणि भिंतीला टेकून वाढवलेली फळझाडं त्या गारठ्याच्या देशातही पिकतात. ही बाग आजही चालू आहे, आणि तिथे निघालेलं तुमच्या ताटात येतं. जेवणाआधी अर्धा तास काढून आईला तिथे घेऊन जा. वाफे, काकड्यांचे वेल, नुकती उपटलेली मुळं हे पाहिलेल्या माणसाला पुढे टेबलावर काय आलंय ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अशी घरं हॉटेलं का झाली हेही बाबांना सांगा. पहिल्या महायुद्धानंतर नोकरचाकर मिळेनात, वारसा कर भरमसाट वाढला, शेकडो घरं पाडली गेली. ज्यांना घर टिकवायचं होतं त्यांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली. 1948 साली, युद्धानंतरचं रेशनिंग अजून चालू असताना, फ्रान्सिस कोल्सनने अल्सवॉटर सरोवराकाठी शॅरो बे हे हॉटेल सुरू केलं. कंट्री हाऊस हॉटेल ही कल्पना तिथून रुजली असं बहुतेक जण मानतात. त्यानंतर दहाएक वर्षांत पीटर हर्बर्टने ग्रेव्हटाय हॉटेल म्हणून चालवायला घेतलं.

आता जेवण. रात्री न जाता दुपारी जा. दुपारचा मेन्यू तुलनेने स्वस्त, आणि रात्री अंधारात बाग दिसत नाही. 2018 मध्ये इथे काचेचं नवं जेवणघर बांधलं, त्यातून फुलबाग समोरच दिसते. जुनी ओक लाकडाची दालनं आता जेवणाआधी आणि नंतर बसायला. आरक्षण करताना काचेजवळचं टेबल मागा. मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतचा काळ मला सगळ्यात आवडतो. इंग्लिश अ‍ॅस्परॅगसचा हंगाम एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो, मग कोवळे मटार, ब्रॉड बीन्स. मळ्यातून त्याच दिवशी खुडलेल्या मटाराला जी गोडी असते ती नारायणगावच्या शेतावर शेंगा सोलून खाल्लेल्या माणसाला लगेच ओळखू येईल.

आठवडाभर आधी ईमेल करा, आणि नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. मी असं लिहितो: मांस-मासे-अंडं नको, मांसाचा किंवा माशाचा स्टॉक (उकळून काढलेला रस) नको, जिलेटिन नको, प्राण्यांच्या रेनेटचं चीज नको. दूध, लोणी, साय चालेल हेही लिहा, नाहीतर ते व्हीगन जेवण करतील आणि आई त्या सुंदर लोण्याला मुकेल. अंड्याचं खास ठळक लिहा. इथली बहुतेक गोड पक्वान्नं अंड्यावरच उभी असतात: कस्टर्ड, मेरँग, आइसक्रीमसुद्धा. आधी कळलं तर पेस्ट्री शेफ फळांचं, अगारचं (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीचं) काहीतरी मनापासून करतो. टेबलावर बसून सांगितलं तर नुसतं सॉर्बे, म्हणजे फळांच्या रसाचा बर्फ, येतं.

पोट भरेल का, असंही विचारलंत. भरेल. आधी बैठकीच्या दालनात छोटे घास येतात, तिथेच मेन्यू हातात देतात. मग ब्रेड, मग एकेक पदार्थ. बशीत चार घास दिसले तरी अडीच-तीन तासांत जेवण भरपूर होतं. तिखटाची अपेक्षा मात्र ठेवू नका आणि आईबाबांना तसं आधीच सांगा. इथे चव भाजीची स्वतःची असते, मसाल्याची नव्हे, आणि या स्वयंपाकाचं कौशल्य तिथेच आहे. घाई करू नका. मधल्या वेळात कुणीही उठा असं सुचवत नाही. कॉफी परत दालनात जाऊन घ्या.

आईने साडी नेसावी, सगळ्यात शोभून दिसेल. बाबांना टाय लागत नाही, इस्त्रीचा शर्ट आणि जाकीट पुरे. साधं पाणी बिनदिक्कत मागा. दारू विकणाऱ्या ठिकाणी ते फुकट द्यावं लागतं, तसा कायदाच आहे. वाईन घेणार नसाल तर बिल बरंच खाली येतं. तरी माणशी शंभर पौंडांच्या वरच धरा, आणि सेवाशुल्क बिलात आधीच धरलंय का ते बघा, म्हणजे वेगळी टिप ठेवायचा प्रश्न राहत नाही.

लहान मुलं बरोबर असतील तर वयाची अट काय आहे ते आरक्षणाच्या वेळीच विचारा. आणि टॅक्सी जातानाची सांगाल तेव्हा परतीचीही सांगून ठेवा, त्या भागात रस्त्यावर उभं राहून गाडी मिळत नाही.