फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून माउंटन बाइक चालवायची असेल, तर कुठे जावं?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: तुम्ही दोघे मित्र पुण्याचे, सिंहगड, ताम्हिणी, वरंध सायकलवर केलेले. जूनमध्ये फ्रान्समध्ये दहा दिवस हातात आहेत. आल्प्समधले रोपवेच्या पाळण्यातून वर जाऊन खाली सुसाट यायचे बाइक पार्क नकोत, गावाशेतांतल्या कच्च्या वाटा हव्यात. एक जण शाकाहारी. आणि हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, चालेल का?

मी गेली नऊ वर्षं क्लेर्मों-फेराँला राहते आणि बर्फ वितळला की शनिवार-रविवारी सायकलवरच असते. माझं उत्तर एकच, मासिफ सेंत्रालला या. फ्रान्सच्या मध्यापासून दक्षिणेपर्यंत पसरलेला हा जुना, झिजलेला डोंगराळ मुलूख. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला तो परका वाटत नाही.

इथे माउंटन बाइकला व्हीटीटी म्हणतात, उच्चार ‘वे-ते-ते’. या मुलखातून जीटीएमसी (ग्राँद त्राव्हर्से द्यु मासिफ सेंत्राल) नावाचा व्हीटीटीचा मोठा मार्ग जातो. उत्तरेला मोरव्हाँमधल्या आव्हालोंपासून निघून थेट भूमध्य समुद्राला मिळतो, लांबी जवळजवळ १,४०० किलोमीटर. दहा दिवसांत तो पुरा करायच्या फंदात पडू नका. तसं केलं तर रोज मुक्काम गाठायची घाई होते आणि ज्यासाठी आलो ते बघायचंच राहून जातं. एक तुकडा निवडा. माझ्या मते सगळ्यात सुंदर तुकडा दक्षिणेतला, मियो या गावाच्या आसपासचा. मियो म्हणजे तार्न नदीवरच्या त्या उंच पुलाचं गाव, ज्याची टोकापर्यंतची उंची ३४३ मीटर आहे. तिथे सायकली भाड्याने मिळतात आणि रेल्वेही जाते. फक्त गाड्या फार थोड्या आहेत, तेव्हा वेळापत्रक आधी बघा, मग बाकीचं ठरवा.

मियोहून निघून मियोलाच परत येणारी माझी आवडती फेरी सांगते. आधी कोस न्वार हे पठार चढायचं आणि पलीकडे मेर्युएसला उतरायचं. मग कोस मेजाँ ओलांडून फ्लोराक. तिथून मों लोझेर डोंगराच्या कुशीतलं पों-द-मोंव्हेर. मग सेव्हेन डोंगररांगेच्या धारेवरून एगुआल पर्वत, खाली नाँ नावाचं गाव, आणि शेवटी लार्झाकच्या पठारावरून मियो. आठ दिवस लागतात, दोन दिवस हाताशी उरतात. रोज ३५ ते ४५ किलोमीटर धरा. आकडा लहान वाटेल, पण दिवसाची चढाई सहज हजार मीटरच्या पुढे जाते.

‘कोस’ म्हणजे चुनखडीचं सपाट पठार. कोकणातला सडा डोळ्यांसमोर आणा, फक्त कातळ जांभ्याऐवजी पांढुरका आणि उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास. कोस मेजाँच्या कडेला तार्न आणि झोंत या नद्यांनी शेकडो मीटर खोल दऱ्या कापल्या आहेत. कड्यावर जरा थांबलात की गिधाडं डोळ्यांच्या पातळीवरून जातात, पंखांचा आवाज ऐकू येतो. इथली गिधाडं नामशेष झाली होती, १९८१ पासून पिंजऱ्यातली पाखरं सोडून ती पुन्हा वसवली. जूनमध्ये पठारावर पिसांसारखं पांढरं गवत वाऱ्यावर लोळत असतं. घरांच्या दारांवर ताटलीएवढं सुकं काटेरी फूल ठोकलेलं दिसेल, त्याला कार्दाबेल म्हणतात. हवेत दमटपणा वाढला की ते सुकलेलं फूलसुद्धा मिटतं. एका म्हातारीने मला ते बोटाने दाखवून सांगितलं होतं की दुपारी निघू नकोस, पाऊस येतोय. तासाभरात आला.

वाटांबद्दल थोडं सविस्तर सांगते. या वाटा सायकलवाल्यांसाठी कोणी बनवलेल्या नाहीत. मैदानातल्या मेंढ्या उन्हाळ्यात डोंगरावर न्यायच्या वाटा, इथल्या भाषेत ‘द्राय’. आपल्या धनगरांच्या वाटाच म्हणा ना. कुठे दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आणि मध्ये पाणंद, कुठे बैलगाडीच्या चाकांनी कातळात पडलेली खोल चाकोरी. जूनच्या मध्याला अजूनही काही कळप पायी वर जातात. आम्हाला एकदा एगुआलच्या वाटेवर समोरून घंटांचा आवाज आला. सायकली गडग्याला टेकवून आम्ही उभे राहिलो. पंधरावीस मिनिटं नुसत्या मेंढ्या जात होत्या, पाठीवर लोकरीचे रंगीत गोंडे, मागून मेंढपाळ आणि त्याचा शाळकरी मुलगा. कोस आणि सेव्हेनचा हा प्रदेश २०११ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला, तो याच मेंढपाळीसाठी.

म्हणून इथे सायकल चालवायची ती पाहुण्यासारखी. गुरांचं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. तारेत वीज असते, प्लास्टिकच्या मुठीलाच धरा. चालणाऱ्यांचा हक्क पहिला, त्यांना लांबूनच ‘बोंझूर’ म्हणा आणि वेग कमी करा. सेव्हेन राष्ट्रीय उद्यानाच्या गाभाक्षेत्रात वाट सोडून रानात सायकल घालू नका.

आता कुत्र्यांचं. हा भाग नीट वाचा. १९९२ साली इटलीकडून लांडगे फ्रान्समध्ये परतले आणि हळूहळू या डोंगरांतही पोचले. त्यामुळे कळपांबरोबर ‘पातू’ नावाचे मोठे पांढरे राखणदार कुत्रे असतात. ते पाळीव वाटतात, दुरून मेंढीच वाटतात. मों लोझेरवर पहिल्या वर्षी मी उतारावर वेगात होते आणि कळप वळणाआड होता. कुत्रा भुंकत सरळ अंगावर आला. मी घाबरून पायडल मारत सुटले, तो मागे लागला, दगडात चाक अडकून मी पडले. कुत्रा चावला नाही, पण मनगट दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. चूक माझी होती. कळप दिसला की उतरायचं, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची, डोळ्याला डोळा द्यायचा नाही, शांत आवाजात बोलत लांबून वळसा घालून चालत जायचं. दोन-तीन मिनिटांत तो हुंगून परत जातो. तेव्हापासून मी दर वेळी हेच करते आणि पुन्हा कधी त्रास झाला नाही.

पाण्याचं दुसरं. चुनखडी पाणी धरत नाही, त्यामुळे कोसवर ओढा नाही, झरा नाही. गोल फरसबंद तळी दिसतील, त्यांना ‘लावोन्य’ म्हणतात. ती मेंढ्यांसाठी, तिथलं पाणी पिऊ नका. माणशी तीन लिटर घेऊनच वर चढा. गावात हौदाच्या नळावर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी पिण्याजोगं, ‘नों पोताब्ल’ असेल तर नाही. गावात सामसूम असेल तर दफनभूमीत जा, फुलांना पाणी घालायला तिथे बहुतेक वेळा नळ असतो. इथले सायकलवाले सर्रास तिथे बाटल्या भरतात, कोणी हरकत घेत नाही. पाटी मात्र तिथेही बघा.

जून हा महिना तुम्ही अगदी योग्य निवडलात. रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो. जुलै-ऑगस्टमध्ये पठारं भाजून काढतात. शरद ऋतूत सेव्हेनमध्ये ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो आणि सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम सुरू होतो.

राहायला ‘झीत देताप’ शोधा, म्हणजे पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांसाठीची साधी मुक्कामाची घरं. ‘दमी-पान्सिओं’ सांगितलं की बिछाना, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी मिळते, माणशी साधारण ५० ते ६५ युरो. आधी फोन करून जागा धरा. शाकाहारी मित्राबद्दल त्याच फोनवर सांगा. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. ‘साँ व्ह्याँद, साँ प्वासों, साँ लार्दों’ म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत, लार्दों नकोत. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सूपात, सॅलडमध्ये, बटाट्यात कुठेही घातलेले असतात आणि बऱ्याच लोकांच्या लेखी ते मांसात मोजायचं नसतं. अलिगो मिळालं तर मित्राचं काम झालं. बटाट्याच्या लगद्यात ताजं चीज घोटून घोटून असं करतात की पळीला हातभर तार सुटते. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणायचं. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी गावची दुकानं बंद असतात, शनिवारीच पाव, चीज, फळं भरून ठेवा.

लार्झाकवर ला कुव्हर्तुआराद हे तटबंदीचं गाव आहे, तिथे थांबाच. पण त्या पठाराची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. १९७१ साली सरकारने तिथल्या लष्करी तळाचा विस्तार जाहीर केला, शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. १९७२ मध्ये त्यांनी पॅरिसला आयफेल टॉवरखाली मेंढ्या नेऊन सोडल्या. दहा वर्षं अहिंसेने लढले, आणि १९८१ मध्ये मितेराँ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तो बेत रद्द झाला. मी मुळशीकडची. आमच्याकडे धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी सेनापती बापटांनी केलेला सत्याग्रह ऐकतच मोठी झाले, आणि तिथे जमीन वाचली नाही. त्यामुळे लार्झाकच्या वाटेवर आजही चरणारी मेंढरं बघताना मी दर वेळी थांबते.

आता सायकल. हार्डटेल चालेल, मी पहिली चार वर्षं हार्डटेलवरच काढली. मात्र पुढचं सस्पेन्शन १२० मिलिमीटरचं असू द्या आणि टायर ट्यूबलेस करा, कोसवरचे चुनखडीचे दगड धारदार असतात. नकाशा आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा, १:२५,००० प्रमाणाचा घ्या, त्यात पायवाट आणि गाडीवाट वेगळ्या दाखवलेल्या असतात. गावांभोवतीच्या व्हीटीटी फेऱ्यांवर त्रिकोण आणि दोन गोल अशी खूण असते. हिरवा, निळा, लाल, काळा अशी चढत्या क्रमाने अवघड. सिंहगड करणाऱ्यांनी निळ्यापासून सुरुवात करून लालवर जावं. पांढऱ्या-लाल पट्ट्या चालणाऱ्यांच्या मार्गांच्या, त्यांवर कुठे कुठे पायऱ्याच लागतात.

सायकल पुण्याहून आणणार असाल तर डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, जास्तीचा आणा. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि खेड्यातल्या दुकानात तुमचा मिळेल याची खात्री नसते. माझा फ्लोराकच्या अलीकडे तुटला होता, बारा किलोमीटर सायकल ढकलत नेली आणि पार्सल यायला तीन दिवस लागले. दोघांच्या सायकली वेगळ्या असतील तर दोन्हींचे घ्या.