क्रूझ संपल्यावरचे पाच दिवस

प्रश्न : ताई, नमस्कार. मी आणि मिसेस दोघं रिटायर्ड, जळगावला असतो. मुलाने सप्टेंबरची डॅन्यूब नदीची क्रूझ बुक करून दिलीये, पासाउ ते बुडापेस्ट, सात रात्री. एवढं लांब जातोय तर पुढे अजून पाच दिवस राहायचं म्हणतोय. मला पॅरिस बघायचंय, मिसेसला स्वित्झर्लंड, मुलगा म्हणतो प्राग करा. मिसेसचे गुडघे दुखतात आणि आम्ही शुद्ध शाकाहारी. पाच दिवसांत काय काय बसेल?

उत्तर : दादा, तिन्ही ठिकाणं छान आहेत पण मी तुम्हाला यातलं एकही सांगणार नाही, बुडापेस्टलाच थांबा असं सांगेन. का ते सांगते. सात दिवस बोट तुम्हाला रोज नवीन गावी उतरवणार, सकाळी गाईडच्या मागे फिरायचं, दुपारी परत बोटीवर, म्हणजे शेवटी तुम्हाला खरी गरज असते ती एका जागी बॅग उघडून ठेवायची. पॅरिसला बुडापेस्टहून थेट ट्रेन नाही, परत विमान आलं म्हणजे एक दिवस गेलाच. झुरिकची थेट ट्रेन आहे पण जवळजवळ अकरा तास, प्रागला साधारण सात. आम्ही एकदा ऱ्हाईनच्या क्रूझनंतर स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला उतरून चार दिवसांत ल्युसर्न, मिलान, व्हेनिस केलं आणि आज मला त्यातलं जास्त करून स्टेशनांवरचे जिने आणि बॅगा आठवतात, व्हेनिस नीट आठवत नाही याचं अजून वाईट वाटतं. वहिनींचे गुडघे दुखतायत तर हे नकोच. स्वित्झर्लंड पुढच्या वेळी बाझेलला संपणाऱ्या क्रूझला जोडा, तिथून ल्युसर्न तासाभरावर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, व्हिसा. लोक आधी क्रूझच्या तारखांवर अर्ज करून टाकतात आणि जास्तीचे दिवस नंतर ठरवतात, तसं अजिबात करू नका. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, त्याचा अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. नुसती क्रूझ बघितली तर तुमचे जास्त दिवस बहुतेक ऑस्ट्रियात मोडतील, पण पुढचे पाच दिवस बुडापेस्टला काढले की हंगेरी पुढे जातं, मग अर्ज हंगेरीकडे. म्हणून आधी दिवस पक्के करा, हॉटेल कॅन्सल करता येईल असं बुक करा आणि मगच अर्ज. सहा महिने आधीपासून करता येतो, फी 90 युरो, इन्शुरन्स कमीत कमी 30,000 युरोचा आणि तो परतीच्या तारखेपर्यंतचा पाहिजे, क्रूझ संपेपर्यंतचा नाही. पासपोर्ट हातात आला की व्हिसाच्या स्टिकरवर नुसत्या तारखा बघू नका, किती दिवस राहायची परवानगी आहे तो आकडा वेगळा असतो, तो मोजा. धुळ्याच्या आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने तो बघितलाच नव्हता, दिवस कमी निघाले आणि पुढचं सगळं बुकिंग सोडून त्यांना परत यावं लागलं.

विमानाचं तिकीट जाताना पासाउला सोयीचं म्युनिक आणि येताना बुडापेस्ट असं काढा, परत मागे जायची गरज नाही. आणि बोट सोडायच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीला काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार, डॅन्यूबलाही पाणी फार चढलं की बोट पुलाखालून जात नाही आणि फार उतरलं की तळ टेकतो, मग मधला टप्पा बसने नेतात, वेळ पुढेमागे होतो. शिवाय सकाळी नाश्ता झाला की केबिन सोडावी लागते, हॉटेलची रूम मिळते दुपारी. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, तुम्ही 2 नंबरच्या ट्रॅमने नदीकाठाने फिरून या, पार्लमेंटची 268 मीटर लांबीची इमारत बसल्या बसल्या दिसते. आतून बघायची तर तिकीट ऑनलाइन आधीच काढून ठेवा.

बुडाच्या किल्ल्यावर चढायचं नाही, 16 नंबरची बस वर जाते. 1896 सालची जुनी मेट्रो रस्त्याच्या अगदी खालीच आहे, थोड्याच पायऱ्या, आणि तीच तुम्हाला सेचेनी बाथला, म्हणजे गरम पाण्याच्या स्नानगृहाला नेते. हे वहिनींसाठी मुद्दाम सांगतेय. चोपड्याजवळच्या उनपदेवाला गरम पाण्यात पाय सोडून बसलं की कसं बरं वाटतं, इथे तर 1913 पासून मोठमोठे हौद आहेत, अख्खी सकाळ तिथे घालवा. ब्लडप्रेशरचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एक दिवस सेंटेंद्रे, लोकल ट्रेनने चाळीस मिनिटं, छोटंसं चित्रकारांचं गाव आहे. अगदीच दुसरं शहर हवं वाटलं तर व्हिएन्ना पावणेतीन तासांवर, पण ते क्रूझमध्ये येतंच.

खाण्याचं म्हणाल तर तिथलं गुलाश नावाचं सूप बीफचं असतं, आणि बीन्सचं सूप दिसायला शाकाहारी वाटलं तरी त्यात बरेचदा डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय घेऊ नका. लांगोश खा, तळलेली मोठी पुरीच ती, वर लसूण आणि चीज. घरून शेंगदाण्याची चटणी, खाकरे, आपल्या केळीचे वेफर्स न्या. तूप, पेढे, दुधाचं काही बॅगेत नको, युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात.

पैसे तिथे फोरिंट, युरो नाही. कार्ड लावल्यावर मशीनने रुपये की फोरिंट विचारलं तर फोरिंटच दाबा, रुपयात रेट महाग पडतो.