सरकारी साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून

पहिलं काम म्हणजे एनव्हीडीए टाक, म्हणजे अंध लोकांना स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर, फुकट आहे, आणि माऊस बाजूला ठेवून नुसत्या कीबोर्डवर साइटवरचा एखादा अर्ज शेवटपर्यंत भरून बघ. कुठे अडकतं ते लगेच कळतं, बहुतेक वेळा कॅप्चापाशीच, कारण फक्त चित्रातला कॅप्चा अंध माणूस सोडवणार कसा?

आपल्याकडचं खरं दुखणं जीआर आणि जाहिरातींचं. कागद स्कॅन करून पीडीएफ चढवतात, स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र, एक अक्षर वाचता येत नाही. आणि कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमधलं टायपिंग असेल तर डोळ्यांना मराठी दिसतं पण आत भलतीच अक्षरं असतात, ऐकणाऱ्याला नुसता गोंधळ. म्हणून युनिकोडच मागायचं, त्यात दिसतं तेच अक्षर आत असतं, यावर अजिबात ऐकून घेऊ नकोस. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये lang="mr" असं लिही, नाहीतर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाऊ शकतो.

रंगांचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजेडातला फरक, साध्या मजकुराला किमान 4.5:1 ठेव. ते अक्षरं लहान-मोठी करायचं ‘अ+ अ-’ बटण लावलं की झालं असं खूप जण समजतात, तसं नाहीये. साहेब विचारतील कशाला एवढं, तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आणि जीआयजीडब्ल्यू, म्हणजे सरकारी साइटसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं, दाखव. आणि लाइव्ह करायच्या आधी तुमच्याच जिल्ह्यातल्या अंध वापरकर्त्यांकडून तपासून घे, आपोआप तपासणाऱ्या टूलला सगळं सापडत नाही.