गूगलचा दंड बाजूला ठेवा, आदेशातले निर्देश बघा

‘गूगलला एवढा दंड झाला, पण माझ्या फोनमधलं यूट्यूब आजही काढता येत नाही. मग हा सगळा देखावाच ना?’ असं तुम्ही विचारलंय. देखावा नक्कीच नव्हता. तुमच्या यूट्यूबचं उत्तर मात्र दंडात सापडणार नाही.

आधी भांडण कशाचं होतं ते बघू. अँड्रॉइड कोणीही फुकट घेऊ शकतं, पण प्ले स्टोअर गूगलचं, आणि त्याच्याशिवाय फोन खपणार कसा? प्ले स्टोअर हवं तर फोन कंपनीने करारावर सही करायची: सर्च, क्रोम, यूट्यूब असा अख्खा संच घ्यायचा, सर्चची पट्टी होम स्क्रीनवर ठेवायची. दुसरा करार त्याहून जाचक. अँड्रॉइडमध्ये स्वतःच्या मनाने बदल करून बनवलेली वेगळी आवृत्ती चालवणारं एक मॉडेल जरी काढलं, तरी बाकी सगळ्या मॉडेल्सचं प्ले स्टोअर धोक्यात. एवढी जोखीम कुठली कंपनी घेईल?

बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला, सोबत गूगलने वागणं कसं बदलायचं याचे दहा निर्देश दिले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती नाकारली, आणि आठवड्याभरात गूगलने जाहीर केलं की फोन कंपन्यांना भारतात ॲप्स सुटी घेता येतील आणि ग्राहकाला सर्च इंजिन निवडता येईल. हे निर्देशांमुळे घडलं.

मग मार्च २०२३ मध्ये, आयोगाच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या अपील न्यायाधिकरणाचा निकाल आला. ‘दंड कायम’ एवढीच बातमी बहुतेकांपर्यंत पोहोचली, आणि मला राग येतो तो याचाच. कारण त्याच निकालाने चार निर्देश रद्द केले. आधीपासून टाकलेली ॲप्स काढू देण्याचा निर्देश त्यातच गेला, प्ले स्टोअरवर दुसऱ्यांच्या ॲप स्टोअरला जागा देण्याचाही गेला. तुमचं यूट्यूब अडकलंय ते इथे.

दंड तर अपिलात आटूही शकतो. प्ले स्टोअरच्या बिलिंगबद्दलचा, म्हणजे ॲपमधल्या खरेदीचे पैसे गूगलच्याच व्यवस्थेतून घ्यायच्या सक्तीबद्दलचा, ९३६.४४ कोटींचा वेगळा दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आला. स्पर्धा कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने मात्र कंपनीच्या जगभरातल्या उलाढालीवर दंड मोजायची सोय केली आहे. पण तिलाही ॲपलने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय.

अँड्रॉइडचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयोगही अपिलात उतरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचाल तेव्हा रद्द झालेल्या त्या चार निर्देशांचं काय झालं, ते आधी शोधा.