बीबीसी मायक्रोच्या (१९८० च्या दशकातल्या ब्रिटिश घरगुती कॉम्प्युटरच्या) पॉवर सप्लायमधून धूर आला, पण कॉम्प्युटर चालूच आहे. काय बदलायचं?

धूर, उग्र वास आणि तरीही कॉम्प्युटर व्यवस्थित चालू, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक मेन्सवरचा (प्लगमधून येणाऱ्या घरच्या विजेवरचा) फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारा भाग, गेलाय. तो मेन्सच्या दोन तारांमध्ये आडवा जोडलेला असतो, वीज त्याच्यातून पुढे जात नाही. म्हणून तो जळाला तरी मशीन बंद पडत नाही. तरी तसंच चालवू नका.

सोनेरी डब्याच्या सप्लायमध्ये असे दोन कपॅसिटर असतात: ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. पिवळसर पारदर्शक, आत कागदाच्या घड्या दिसणारे. कवचाला वर्षानुवर्षांत केसासारख्या बारीक चिरा पडतात, त्यातून दमट हवा आत शिरते, कागद फुगतो आणि एक दिवस आत शॉर्ट होतो. एकच फुटला असला तरी दोन्ही बदला, दुसराही त्याच वयाचा आहे.

उघडण्याआधी प्लग काढा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२० व्होल्टच्या आसपास डीसी असतो. बंद पडलेला सप्लाय जास्त धोकादायक, कारण तो चार्ज खर्च करणारं कोणी उरत नाही. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी त्या मोठ्या कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना दहा सेकंद जोडा आणि मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची पट्टी) उडतो.

नवे कपॅसिटर पॉलिप्रॉपिलीनचे, एक्स-२ वर्गाचे (मेन्सच्या दोन तारांमध्ये जोडण्यासाठीचा सुरक्षा-वर्ग), किमान २७५ व्होल्ट एसीचे घ्या. फक्त ‘४०० व्होल्ट’ छापलेला साधा डीसी कपॅसिटर इथे चालत नाही. मेन्सवरचे झटके सोसायची हमी त्याला नसते, एक्स-२ ला असते. मागवण्याआधी पायांमधलं अंतर मोजा. फुटलेल्याची तपकिरी चिकट राख बोर्डावर राहिली तर तिच्यातून करंट गळतो, ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढा.

बोर्ड बाहेर आहेच, तर सी-९ हा २२० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक (आत द्रव असलेला, अधिक-उणे टोकांचा कपॅसिटर) हाही बदला असं माझं मत. तो सुकला की सप्लाय सुरूच होत नाही. १०५ अंश सेल्सिअसचा, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्या, व्होल्टेज मूळ इतकं किंवा थोडं जास्त. ध्रुव उलटे लागणार नाहीत हे बघा.

चाचणीसाठी लगेच कॉम्प्युटर जोडू नका. लोडशिवाय स्विचिंग सप्लायचं मोजमाप भरवशाचं नसतं, म्हणून सप्लायमधून बाहेर येणाऱ्या लाल (५ व्होल्ट) आणि काळ्या (शून्य व्होल्ट) तारांमध्ये ४.७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा. एक अँपिअरच्या थोडं वर करंट जाईल आणि रेझिस्टर चटका बसेल इतका तापेल, तो टेबलावर टेकवू नका. डबा बंद करूनच प्लग लावा. मीटरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि जांभळ्या तारेवर उणे ५ च्या आसपास दिसलं, की मग मदरबोर्ड जोडा: तिन्ही लाल, तिन्ही काळ्या आणि ती एक जांभळी, आपापल्या जागी.