पृष्ठभागाजवळ प्राणवायू भरपूर, मग तळाशी का नाही?

प्रश्न : आमच्या तळ्याची खोली सुमारे ३ मीटर असून पाणी हिरवट आहे. दुपारी मापकाने पाहिल्यास पृष्ठभागाजवळ प्रति लिटर १२ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आढळतो, तळाशी मात्र तो जवळजवळ शून्य असतो. एकाच तळ्यात एवढी तफावत कशी? शिवाय नुकत्याच झालेल्या जोरदार पावसानंतर पहाटे मासे वर येऊन धापा टाकू लागले. पावसाने प्राणवायू वाढायला हवा होता ना? दुपारी कारंजे चालवल्यास फायदा होईल का?

उत्तर : आपल्या दोन्ही निरीक्षणांचे मूळ एकच आहे. तळ्यात प्राणवायूची आवक वरच्या भागात होते. काही हवेतून आणि बराचसा उजेडात वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळामुळे. खर्च मात्र सगळ्या खोलीवर होतो आणि सर्वांत जास्त होतो तो तळाच्या गाळात, जिथे जिवाणू मेलेले शेवाळ, पालापाचोळा आणि उरलेले खाद्य कुजवत असतात. वरचा प्राणवायू खाली जाईल तो पाणी ढवळले गेले तरच. स्थिर पाण्यात वायूचे रेणू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतात आणि निव्वळ तेवढ्यावर विसंबल्यास एक मीटर खाली पोहोचायला कित्येक वर्षे लागतील.

ढवळण्याच्या आड येतात ते तापमानामुळे पडणारे थर. ऊन वरच्या पाण्यातच शोषले जाते, हिरवट पाण्यात तर अधिकच, आणि तापलेले पाणी हलके असल्यामुळे वरच राहते. इथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही : ४ अंश सेल्सिअसच्या आसपास एका अंशाने पाण्याच्या घनतेत जेवढा फरक पडतो, त्याच्या तीस पटींहून अधिक फरक २९ आणि ३० अंशांच्या दरम्यान पडतो. त्यामुळे उष्ण हवामानात वरच्या आणि खालच्या पाण्यात दोन-तीन अंशांचे अंतर असले, तरी मंद वाऱ्याला ते थर मोडता येत नाहीत. उथळ तळ्यात रात्री वरचे पाणी थंड होऊन खाली जाते आणि थर बरेचदा पहाटेपर्यंत नाहीसे होतात; पण रात्री उबदार आणि वारा पडलेला असेल, तर ते अनेक दिवस टिकतात. आपल्या तळ्यात तसेच झालेले दिसते.

आता १२ मिलिग्रॅमचा अर्थ पाहू. समुद्रसपाटीला ३० अंशांचे गोडे पाणी हवेशी समतोलात असताना प्रति लिटर सुमारे ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. पाण्याचे तापमान त्याच सुमारास असेल, तर आपले आकडे त्याच्या बरेच वर आहेत. म्हणजेच दुपारी तळे हवेतून प्राणवायू घेत नसून हवेला देत आहे. अशा वेळी वरचेच पाणी उचलून तुषार उडवणारे कारंजे त्या देण्याचा वेग वाढवते. ते शोभेसाठी चालवायचे असेल तर प्रश्न नाही, माशांसाठी मात्र दुपार ही चुकीची वेळ आहे. तेच कारंजे मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवावे, कारण अंधारात शेवाळही प्राणवायू वापरते, त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी होते आणि पाण्यात तूट जितकी मोठी, तितका हवेतून शिरणारा प्राणवायू अधिक.

पावसाबाबत आपली शंका रास्त आहे. थेंबांमुळे पृष्ठभागात थोडा प्राणवायू मिसळतो खरा. पण पावसाच्या गार पाण्याने आणि सोबतच्या वाऱ्याने थर मोडले की तळाचे पाणी वर येते. ढगाळ दिवशी वरच्या एका मीटरमध्ये ७ मिलिग्रॅम आणि खालच्या दोन मीटरमध्ये शून्य प्राणवायू असेल, तर तळ्याच्या भिंती उभ्या आहेत असे धरून मिश्रणात जेमतेम २.३ मिलिग्रॅम उरतो. तळाच्या पाण्यात साठलेले विद्राव्य लोह आणि हायड्रोजन सल्फाइड उरलेल्यातूनही वाटा उचलतात. हायड्रोजन सल्फाइड माशांना विषारीही असतो. सडक्या अंड्यांसारखा वास आला असल्यास तो त्याचाच. हवेला टेकलेल्या पातळ थरात प्राणवायू तुलनेने जास्त असतो, म्हणून मासे तिथे तोंड लावतात.

कायमचा उपाय म्हणून तळाशी हवा सोडणारा एरेटर चांगला. बुडबुड्यांतून थेट विरघळणारा प्राणवायू त्यात दुय्यम असतो. बुडबुड्यांसोबत तळाचे पाणी वर येऊन हवेच्या संपर्कात येते, हे त्याचे खरे काम. मात्र थर पडलेल्या तळ्यात तो पहिल्याच दिवशी रात्रभर चालवू नये, नाहीतर पावसाने जे केले तेच यंत्र करील. सुरुवातीला थोडा वेळ चालवून काही दिवसांत अवधी वाढवत न्यावा. त्याआधी सूर्योदयापूर्वी दर अर्ध्या मीटरवर तापमान आणि प्राणवायू दोन्ही मोजावेत. दुपारच्या एकाच नोंदीवरून काहीही ठरवू नये.

मासे पुन्हा वर आले, तर खाद्य ताबडतोब बंद करावे, पंपाचे तोंड पृष्ठभागालगत ठेवून वरच्याच पाण्याचे तुषार उडवावेत आणि तळ अजिबात ढवळू नये.