काउंट पडायची वाट बघू नकोस

अरे, तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. एचआयव्ही निघालाय, पण सीडीफोर काउंट (रक्तातल्या संरक्षक टी पेशींचा आकडा) ६४०, वजन ठीक, ताप नाही, जिमला जातोस, मग "ताई, आयुष्यभराच्या गोळ्या आत्तापासूनच कशाला, काउंट पडला की बघू". घाबरू नकोस वगैरे सांगत बसत नाही, ते काउन्सेलरने सांगितलं असेलच. माझं एकच म्हणणं आहे, थांबू नकोस.

मी थांबले होते. थांबवलंच होतं मला, २००६ ला नियमच तसा होता, लक्षणं नसतील तर काउंट २०० च्या खाली गेल्याशिवाय एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, नाही, सहा महिन्यांनी या म्हणायचे. दर वेळी तारखेला गेले, मी हयगय केली असं कुणी म्हणूच शकत नाही, तरी शेवटी टीबी झाला तेव्हा गोळ्या हातात पडल्या आणि तोवर काउंट १२० वर आला होता. त्यानंतर गोळ्या इमानदारीत घेतल्या, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, कित्येक वर्षं टेस्टमध्ये सापडत नाही, पण काउंट साडेतीनशे-चारशेला येऊन जो अडकलाय तो अडकलाय. व्हायरस दबला की गेलेल्या पेशी सगळ्या परत येतात असं नसतं रे. नवीन टी पेशी जिथे घडतात ती थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते, आणि उपचाराविना गेलेल्या वर्षांत लिम्फच्या गाठी आणि आतड्याच्या अस्तराची जी नासाडी होते ती गोळ्यांनी पूर्ण भरून निघत नाही. किती खालून सुरुवात केलीस यावर कुठवर चढणार हे बरंचसं ठरतं. तू ६४० वर उभा आहेस आणि मला विचारतोस अजून थोडं खाली उतरू का!

माझं जुनं प्रकरण वाटत असेल तर स्टार्ट ट्रायल बघ. ३५ देश, ४६८५ माणसं, सगळ्यांचे काउंट ५०० च्या वर, म्हणजे तुझ्यासारखीच. अर्ध्यांना लगेच गोळ्या, बाकीच्यांना ३५० पर्यंत थांबवलं. २०१५ मध्ये ठरलेल्या मुदतीआधीच निकाल जाहीर करून सगळ्यांना गोळ्या द्यायला सांगितलं, कारण लगेच सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी निघाला. आणि ज्यांना त्रास झाला त्यातल्या बऱ्याच जणांचा काउंट तेव्हाही ५०० च्या वरच होता, हे वाक्य परत वाच. २०१७ पासून आपल्याकडेही काउंट कितीही असो, गोळ्या लगेच मिळतात, फुकट. माझ्या वेळी हे असतं तर मी कशाला थांबले असते?

आणि ते "सुरू करून मधेमधे ब्रेक घेतला तर" हे पण डोक्यातून काढ. काउंट बघून गोळ्या बंद-चालू करायचा प्रयोग स्मार्ट ट्रायलमध्ये झालाय, बंद ठेवणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले म्हणून २००६ मध्ये तो गुंडाळला. इम्युनिटीच्या काढ्याचं तर मला विचारूच नकोस, चिडेन मी.

थांबायचं खरं कारण एकच मला पटतं, मेंदूचा टीबी किंवा क्रिप्टोकॉकल मेनिन्जायटिस (बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज), तेव्हा डॉक्टर आधी त्याचा इलाज करतात आणि एआरटी काही आठवड्यांनी देतात. तुला तसं काही नाही, तरी खोकला असेल, रात्री घाम येत असेल, डोकं सतत दुखत असेल तर आधी सांग एआरटी सेंटरवर. पार्टनरची टेस्टही करून घे, व्हायरल लोड दबलेला राहिला की सेक्समधून तिला लागण होत नाही, हे तिला काउन्सेलरसमोरच ऐकू दे. सोमवारी जा. पुढच्या महिन्यात नको, ऑफिसचं क्लोजिंग झाल्यावर नको, सोमवारी. गोळ्या हातात आल्या की मला फोन कर.